लेण्यांची वाट आणि मुलांची भाषा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही काही वक्ते नाही. गिरणीत साचे चालवणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काही शिकलो ते याच विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचून. कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला, 'मुलांच्या सहली'. तेव्हा एका सभासदाने हसत विचारलं, "दादा, सहल म्हणजे वडापाव आणि भेंड्या. त्यावर काय भाषण करणार?" प्रश्न खरा आहे. त्याचंच उत्तर आज द्यायचं आहे. आमचं म्हणणं असं की, आपल्या मुलांना बोलायला आणि लिहायला शिकवायचं असेल तर त्यांना चालायला न्यावं. डोंगरात न्यावं, लेण्यांत न्यावं.

हे आम्हाला कसं सुचलं ते आधी सांगतो.

आपल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. एकदा मुलांना सांगितलं, 'माझी आई' या विषयावर दहा ओळी लिहा. अर्ध्या तासात वह्या आल्या. बावीस मुलं आणि बावीस वह्यांत एकच आई! "माझी आई प्रेमळ आहे. ती पहाटे लवकर उठते. अंघोळ करून ती देवपूजा करते." आम्ही एका मुलीची वही हातात घेऊन बसून राहिलो. तिची आई एका हॉस्पिटलात रात्रपाळीला सफाईचं काम करते. पहाटे ती उठत नाही, पहाटे ती कामावरून परत येते. त्यांच्या घरात देव्हारा नाही. बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे. मग ही देवपूजा करणारी आई आली कुठून? गाईडमधून आली. मुलीचं अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनात चूक नाही. फक्त त्या दहा ओळींत तिची आई कुठेच नव्हती.

आम्ही तिला विचारलं, "बाळ, तुझी आई खरंच असं करते?" ती म्हणाली, "नाही काका. पण निबंधात असंच लिहायचं असतं."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आमच्या काळजाला लागलं. आपण १९५६ साली धर्म बदलला, घर बदललं, नावं बदलली. पण आपल्या पोरांच्या वहीत अजून दुसऱ्याचीच आई नांदते आहे. आणि पोरांना वाटतं, आपल्या घरातलं जे खरं आहे ते लिहिण्याच्या लायकीचं नाही.

दुसरी गोष्ट आमची स्वतःची. साचेखात्यात आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही सगळे हातवाऱ्यांनी बोलायचो. धोटा अडकला तर एक खूण, जॉबर आला तर दुसरी खूण, बिडी प्यायला चल तर तिसरी. आठ तास असं काढून घरी गेलो की तोंडाला शब्द यायचे नाहीत. बायको म्हणायची, घरात मुका माणूस आलाय. पुढे गिरणी बंद व्हायच्या वेळी आमच्यापुढे एक छापील कागद ठेवला. चार पानं होती. आम्हाला अक्षरं वाचता येत होती, पण वाक्यं कळत नव्हती. रांगेत मागून लोक ढकलत होते. विचारायला शब्द सुचले नाहीत, सही केली. नंतर कळलं, पुढची मागणी सोडल्याचं त्यात लिहिलं होतं. विचारता आलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब आता कशाला? पण त्या दिवशी गाठ बांधली की आपल्या वस्तीतल्या पोराला कागदापुढे मुकं उभं राहू द्यायचं नाही.

आता सहलीकडे येतो.

पहिली सहल आम्ही काढली ती कान्हेरीला, आणि ती पुरती फसली. ते लपवत नाही. चैत्यगृहाच्या पायऱ्यांवर मुलांना बसवून आम्ही पाऊण तास भाषण ठोकलं. सातवाहन, हीनयान, महायान, सगळं सांगितलं. पुढची पोरं जांभया देत होती, मागची माकडांना खुणावत होती, एका माकडाने तेवढ्यात खाऊची पिशवी पळवली. घरी आल्यावर निबंध लिहायला सांगितला तर निम्म्यांनी मोबाईलवरून उतरवून आणला. परत तेच गाईड, फक्त आता ते मोबाईलमध्ये होतं. आम्ही मास्तर व्हायला गेलो आणि मुलं श्रोते झाली. चूक आमची होती. डोंगर एवढा मोठा समोर उभा असताना आम्ही कशाला बोलायचं?

दुसऱ्या वेळी आम्ही तोंड बंद ठेवलं. तेव्हापासून जी रीत बसली ती सांगतो. शाळेत भाषेची चार अंगं सांगतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. आमची सहलही याच चार पायऱ्यांनी चढते.

पहिली पायरी ऐकण्याची. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजातून आत शिरलं की कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटर रस्ता आहे. बस मिळते, पण आम्ही मोठ्या मुलांना घेऊन चालत जातो. वाटेत एका ठिकाणी दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं. मग प्रत्येकाने एक आवाज सांगायचा. पहिल्यांदा सगळे म्हणाले, "पक्ष्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, पानांचा आवाज आला." आम्ही विचारलं, आवाज म्हणजे कसा? कोणाला सांगता येईना. आमच्याबरोबर महिला मंडळातल्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "अरं, पाणी खळखळतंय, पानं सळसळत्यात, ती फांदी करकरतीय आन् तो भुंगा घोंघावतोय." पोरं बघतच राहिली. आजींना अंगठ्यापुढे सही येत नाही, पण त्यांच्या जिभेवर जेवढे शब्द होते तेवढे आमच्या आठवीतल्या पोरांच्या सगळ्या पुस्तकांत नव्हते. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की प्रत्येक सहलीला गावाकडची एक तरी आजी किंवा आजोबा पाहिजेच. त्यांचं तिकीट विहार काढणार.

दुसरी पायरी बोलण्याची. चालताना मुलांचे दोन गट करतो. पुढचा गट पुढे जातो आणि मागच्या गटासाठी निरोप ठेवतो. कुठे वळायचं, कुठे जपायचं, काय बघायचं. बोट दाखवायचं नाही, "तिकडे", "ते तसलं" असं म्हणायचं नाही. शब्दातच सांगायचं. मग शब्दांची गरज पडते. चढ आणि उतार एवढंच मुलांना माहीत असतं. हळूहळू कातळ येतो, कपार येते, घळ येते, ओढा येतो, डोह येतो. डोंगराला पायथा असतो, माथा असतो, सोंड असते, धार असते. साग, पळस, ऐन, करंज, कुडा ही झाडं नावाने ओळखू येतात. माघ-फाल्गुनात गेलात तर पळस आणि काटेसावर फुललेली असते. 'लाल फूल' म्हणून भागत नाही, कारण दोन्ही लालच. मग पोरं भांडतात, पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं आणि सावरीचं जाड पाकळ्यांचं, वाटीसारखं. भांडता भांडता उपमा तयार होते. व्याकरणाच्या पुस्तकातला उपमा अलंकार तोच हो!

२०२४ साली पावसाळा सरताना त्या जंगलात कारवी फुलली. ही कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. त्याआधी २०१६ साली फुलली होती. एक मुलगा हिशेब करून म्हणाला, "काका, पुढची फुलेल तेव्हा मी कॉलेजात असेन." आम्ही मनात म्हटलं, असशीलच बाळा. एवढ्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

तिसरी पायरी वाचण्याची. ही आपल्या लोकांसाठी फार मोलाची, म्हणून जरा थांबून सांगतो.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास काम सुरू झालं आणि हजारएक वर्षं तिथे भिक्खूंचा वावर राहिला. लेण्यांच्या भिंतींवर, पाण्याच्या टाक्यांवर लेख कोरलेले आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. ही लिपी मधल्या काळात लोक विसरूनच गेले होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने ती पुन्हा वाचली आणि सम्राट अशोक पुन्हा बोलू लागला. आपली आजची देवनागरी याच ब्राह्मीच्या पोटातून निघाली आहे.

सहलीच्या आधी दोन रविवार आम्ही विहारात ब्राह्मीची दहा-बारा अक्षरं फळ्यावर काढतो. मुलांना ती देवनागरीपेक्षा सोपी वाटतात. 'क' म्हणजे बेरजेचं चिन्ह. 'ठ' म्हणजे नुसता गोल, त्यात टिंब दिलं की 'थ'. 'ग' म्हणजे घराचं छप्पर. 'न' म्हणजे उभी काठी आणि तिच्या तळाशी आडवी रेघ. मग लेण्यात गेल्यावर पोरं भिंतीपुढे उभी राहून शोधतात. पहिल्यांदा एक मुलगी ओरडली, "काका, अधिकचं चिन्ह सापडलं! म्हणजे क!" तिच्या तोंडावरचा आनंद काय सांगावा! दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने कोरलेलं अक्षर वस्तीतल्या एका सहावीतल्या पोरीने वाचलं. भिंतीला हात न लावता, खडू न लावता, नुसत्या डोळ्यांनी.

आणि त्या लेखांत लिहिलंय काय? राजाच्या लढाया नाहीत. कोणी काय दान दिलं ते लिहिलंय. कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे लोक. त्यांत व्यापारी आहेत तसे सोनार आहेत, मणिकार आहेत, लोहार आहेत. भिक्खुणी आहेत, बाया आहेत. कल्याणच्या एका लोहाराने वाट करून दिल्याची नोंद आहे. अहो, ज्या डोंगरावर आपण दमून भागून चढतो तिथली वाट एका लोहाराने दान दिली! हे सांगितल्यावर पोरांनी पायाखाली बघितलं.

शब्दांचीही गंमत बघा. लेखात 'लेण' हा शब्द आहे, आपण आजही लेणं म्हणतो. 'पाणिय' म्हणजे आपलं पाणी. 'सेठि' म्हणजे शेठ. पाण्याच्या टाक्याला 'पोढि' म्हटलंय, अभ्यासक आजही पोढीच म्हणतात. डोंगराचं नाव 'कण्हसेल', कण्ह म्हणजे काळा, म्हणजे काळ्या दगडाचा डोंगर. त्यावरूनच कान्हेरी. म्हणजे आपल्या बोलण्यातली भाषा त्या दगडात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतलाही दिला. या तिघींचं नातं पुस्तकात वाचून कळायला वेळ लागतो. कान्हेरीच्या टाक्याजवळ उभं राहिलं की लगेच कळतं.

त्या पाण्याच्या टाक्यांपाशी आम्ही मुलांना महाडची गोष्ट सांगतो. दुसरं काही सांगत नाही. एकीकडे पाणी दान करणाऱ्यांची नावं दगडात कोरली गेली, आणि त्याच महाराष्ट्रात पुढे माणसाला पाणी नाकारलं गेलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. मधल्या काळात काय हरवलं याचा मुलांनी विचार करावा. निबंधाला यापेक्षा मोठा विषय कुठला?

चौथी पायरी लिहिण्याची. आम्ही आता सहलीवर निबंध लिहायला सांगत नाही. तीन नियम ठेवलेत. पहिला नियम, घरी गेल्यावर आधी कोणाला तरी सगळं तोंडी सांगायचं. आईला, आजीला, शेजारच्या काकूंना. सांगताना समोरचा विचारतो, "मग काय झालं?" त्याने गोष्टीला क्रम येतो. दुसरा नियम, दुसऱ्या दिवशी लिहायचं, आणि जे स्वतः पाहिलं, ऐकलं, हुंगलं तेवढंच लिहायचं. 'निसर्गरम्य' हा शब्द आमच्याकडे बंद आहे! काय दिसलं ते सांगा. तिसरा नियम, पहिल्या खेपेला चुका काढायच्या नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू. पोरगं लिहायला लागलं की लाल पेन घेऊन त्याच्या मागे लागू नये. आधी झरा वाहू द्यावा, मग पाट काढावा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही इथे उभे आहोत ती सांगतो.

कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये पारशी लोक ती लेणी बघायला आले होते, त्यांनी आपली नावं तिथे कोरली. हे ऐकून एका मुलाने विचारलं, "काका, त्यांनी नावं कोरली तर चालतं, मग आम्ही का नाही कोरायची?" सोपा प्रश्न नव्हता. आम्ही सांगितलं, आज हे संरक्षित स्मारक आहे, कोरणं हा गुन्हा आहे आणि तो आपला वारसा आहे, तो आपणच खराब करायचा का? तो गप्प बसला. पण त्याचं समाधान झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत सहाच ओळी लिहिल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन अशा: "लोहाराचं नाव दगडात आहे. माझ्या आजोबांनी तीस वर्षं गिरणीत सूत काढलं, त्यांचं नाव कुठे आहे?"

त्याचे आजोबा त्रासनखात्यात होते. आम्ही त्यांना ओळखत होतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सभेला पहिल्या रांगेत बसणारा माणूस. त्यांचं नाव खरोखरच कुठे नव्हतं. गिरणीची चिमणी गेली, तिथे आता काचेचे टॉवर आहेत.

बंधू-भगिनींनो, त्या मुलाच्या दोन ओळींना आमच्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही एक जाड वही विकत आणली, दोनशे पानांची, पुठ्ठ्याची. मुलाला म्हटलं, "दगडावर नको, यात लिही. आजोबांना विचार आणि लिही." त्याने चार दिवस आजोबांजवळ बसून विचारलं. आजोबा आधी म्हणाले, "माझं काय लिहायचंय?" मग बोलायला लागले ते थांबेनात. गाव कोणतं, मुंबईला कोणाबरोबर आले, खोलीत किती माणसं पाळीपाळीने झोपायची, पहिला पगार किती, खानावळीवाली बाई कोण, संपात घरातलं काय काय विकलं. पोरगं लिहीत गेलं. ती वही आज आपल्या विहाराच्या कपाटात आहे. त्यानंतर एकेका घराचं एकेक पान त्यात येत गेलं. आज एकतीस घरांची पानं झाली आहेत. आजोबांचं पान लिहून झाल्यावर वर्षाच्या आत ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्या मुलाने ते पान उभं राहून वाचलं. हाच मुलगा वर्गात उभं केलं की घाम फुटून खाली बसायचा.

आणि ती पहिली मुलगी? तिनेही लिहिलं. ती सहलीला येताना आईला घेऊन आली होती. आई रात्रपाळी करून तशीच आलेली. मुलीने लिहिलं की चैत्यगृहात दोन्ही बाजूंना उंच उंच बुद्ध उभे आहेत, आणि त्यांच्यापुढे आई खांबाला टेकून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. "मी तिला उठवलं नाही. मी तिच्या चपला हातात धरून उभी राहिले." बस, एवढंच. प्रेमळ हा शब्द त्यात कुठे नाही. आम्ही ती वही आईला वाचून दाखवली. त्या माउलीने पदर डोळ्याला लावला.

आता काही आक्षेप येतात, त्यांची उत्तरं थोडक्यात देतो.

कोणी म्हणतं, आमची मुलं इंग्रजी शाळेत आहेत, मराठीचं काय करायचं? इंग्रजी शिकलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. बाबासाहेबांनी मोठमोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. पण आपल्या माणसांशी बोलण्यासाठी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' मराठीतच काढलं. ज्याला डोळ्यांनी पाहिलेलं एका भाषेत सांगता येतं, त्याला ते दुसऱ्या भाषेतही सांगता येईल. ज्याच्याकडे सांगण्यासारखंच काही नाही, तो दोन्हीकडे गाईडच उतरवणार. आमच्या सहलीत इंग्रजी शाळेतल्या मुलांना आम्ही अडवत नाही. आधी जमेल तसं लिहा, मग आजीला वाचून दाखवा. आजीला कळेपर्यंत मराठी करावीच लागते!

कोणी म्हणतं, हे सगळं फिरणं आपल्या धम्मात बसतं का? अहो, धम्म वाढला तोच पायी. भगवंतांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिका करायला पाठवलं आणि एका वाटेने दोघांनी जाऊ नये असं सांगितलं. विनयपिटकात आणखी एक प्रसंग आहे. दोन भिक्खूंनी बुद्धवचन वैदिक छंदांत बसवू का म्हणून विचारलं, तेव्हा भगवंतांनी ते नाकारलं आणि ज्याच्या त्याच्या बोलीत शिकायची मुभा दिली. आणि सम्राट अशोक? १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना नालासोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरायला जायचे. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत वृद्धांना भेटायचं, खेड्यातल्या लोकांना भेटायचं, धम्माविषयी विचारायचं आणि सांगायचं. म्हणजे सहलीची धम्मयात्रा करण्याचं काम आपल्या शेजारच्याच नालासोपाऱ्याच्या दगडावर लिहून ठेवलेलं आहे. आम्ही नवं काही केलं नाही.

आणि माता-भगिनी विचारतात, मुली सुरक्षित राहतील का? काळजी रास्त आहे. एकदा एक मुलगा आमच्या नजरेआड झाला होता. अर्धा तास आमचा जीव टांगणीला. तो वरच्या लेण्यात एकटाच अक्षरं शोधत बसला होता! तेव्हापासून दहा मुलांमागे एक मोठा माणूस, त्यांत निम्म्या बाया, आणि दर तासाला मोजणी हा नियम कडक पाळतो. जंगलात बिबट्या आहे, म्हणून वाट सोडायची नाही, सगळ्यांनी मिळून राहायचं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर. सोमवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही, उद्यानाचं प्रवेशशुल्क मात्र वेगळं द्यावं लागतं. प्लास्टिक न्यायचं नाही. भाकरी-चटणी फडक्यात बांधून, पाणी स्टीलच्या बाटलीत. खर्च लोकलच्या तिकिटाएवढा.

कान्हेरी झाली की थांबायचं नाही. अंधेरीला महाकालीची लेणी आहेत, बोरिवलीतच मागाठाण्याची आहेत. मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कर्जतकडे कोंढाण्याचं लेणं आहे, तिथे जंगलातून चांगली चाल आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराचं काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचं तिथल्या लेखातच आहे. सुताराचं पोर असेल त्याला तिथे नक्की न्या.

शेवटी विहाराला आमची एकच विनंती आहे. वर्धापनदिनाला आपण मंडप घालतो, लाऊडस्पीकर लावतो, भोजनदान करतो. ते करावंच. पण त्या खर्चातून वर्षाला चार सहलींचं भाडं आणि एक पुठ्ठ्याची वही एवढं बाजूला काढावं. आणि ज्यांच्या घरचं पान अजून त्या वहीत आलेलं नाही त्यांनी आपल्या मुलाला, नातवाला जवळ बसवावं. तो विचारेल त्याचं उत्तर द्यावं. "माझं काय लिहायचंय?" असं म्हणू नये. कल्याणच्या लोहारानेही कदाचित असंच म्हटलं असतं. कोणीतरी ते लिहिलं, म्हणून आज आपण त्याच्या वाटेवरून चालतो.

आमचं स्वतःचं पान अजून कोरंच आहे. नातीला सांगितलंय, पुढच्या कान्हेरीच्या वाटेवर विचार. चालता चालता सांगेन म्हणालो. तो सही केलेला कागदही सांगणार आहे.